एका शिक्षिकेकडून कळले

क्लिप निघत नव्हती. गंजून फोटोच्या कडेला अशी चिकटली होती की ओढावी तर कागदाचा कोपरा बरोबर यायचा, न ओढावी तर पुढच्या रांगेतल्या डावीकडच्या मुलीचा चेहरा कायमचा तिच्याखाली... बाईंनी नखाने एक बाजू उचलून बघितली, मग चष्मा कपाळावर चढवून डोळे अगदी जवळ नेले. पांढरे फ्रॉक, पांढरे मोजे, डोक्यावर जाळीच्या ओढण्या, हातात मेणबत्त्या — पेटवलेल्या नव्हेत, फोटोग्राफरने पेटवू दिल्या नव्हत्या आणि मोठ्या मदर त्याच्यावर उखडल्या होत्या, हेसुद्धा आठवतंय. पहिल्या कम्युनियनचा फोटो, एकतीस मुली. मोजायची काही गरज नव्हती. पन्नास वर्षांत हा फोटो बघितला नव्हता तरी एकतीसच असणार हे माहीत होतं, हजेरीपटावर बत्तीस होत्या हेही माहीत होतं. तरी बाईंनी बोट ठेवून ठेवून मोजल्या, सहलीच्या बसमध्ये मोजायच्या तशा, आणि एकतीसच भरल्यावर त्यांना स्वतःचाच राग आला. काय, बत्तिसावी उगवणार होती?

शाळेला शंभर वर्षं होणार म्हणून स्मरणिका, स्मरणिकेत इतिहास हवा म्हणून इतिहासाच्या बाई. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झालेल्या बाईला घरून उठवून आणायचं, लायब्ररीमागच्या खोलीत एक टेबल, एक पंखा आणि दहा वाजता एक कप चहा द्यायचा, की शंभर वर्षं लिहून तयार. भावजय म्हणाली होती, "वन्सं, जा हो, तेवढाच तुमचा वेळ जाईल." बाईंचा वेळ कसा जाईल याची सगळ्यांनाच फार काळजी. मुख्याध्यापिका सिस्टर — एकेकाळी बाईंच्याच वर्गात मागच्या बाकावर, सनावळ्या कधी पाठ म्हणून झाल्या नाहीत — त्यांनी सांगितलं होतं, "बारा पानं, बाई. आणि जरा आनंदी ठेवा." आनंदी! दोन सिस्टर आणि अकरा मुलींनी एका गळक्या खोलीत सुरू केलेली शाळा, त्यांतल्या तीन मुली पहिल्याच वर्षी तापाने गेल्या, हे आनंदी कसं ठेवायचं ते सिस्टरांनीच सांगावं. बाईंनी त्या तिघींना काढून टाकलं होतं. 'अत्यंत प्रतिकूल परिस्थितीत' एवढे तीन शब्द त्यांच्या जागी बसले.

माजी विद्यार्थिनींकडून आठवणी मागवल्या होत्या. बावन्न पत्रं आली. त्यांतली एकावन्न एकाच मुलीने लिहावीत तशी — पितळी घंटा, जिन्यात बोलायचं नाही, गुडघ्यांवर बसवून फ्रॉकची लांबी फूटपट्टीने मोजणाऱ्या मदर, बोर्डिंगवाल्यांची रांग वेगळी आणि घरून येणाऱ्यांची वेगळी. ज्यांनी तेव्हा रडून उशा भिजवल्या त्या आता लिहितात, त्या शिस्तीने आम्हाला घडवलं. मडकी आहात का गं? पण बाईंनी तसं काही समासात लिहिलं नाही, वेलांट्या तेवढ्या दुरुस्त केल्या आणि पत्रं फायलीला लावली.

बावन्नावं पत्र फायलीत नव्हतं, तीन दिवस पर्समध्ये होतं. सिस्टरांनीच ते उघडून, वाचून, डोळे पुसत आणून दिलं होतं. "बाई, हे पहिल्या पानावर. तुमच्याबद्दल काय सुंदर लिहिलंय."

बाईंनी ते आता चौथ्यांदा उघडलं. अक्षर गोल, दवाखान्यातल्या केसपेपरवर असतं तसं भरभर पण वाचता येणारं.

'मी तिसरीपर्यंतच आपल्या शाळेत होते, त्यामुळे मला माजी विद्यार्थिनी म्हणावं की नाही तुम्हीच ठरवा. माझी आई बोर्डिंगच्या धोबीखान्यात होती म्हणून मला फी माफ होती. अंगाने काडी आणि डोकं मोठं, म्हणून वर्गात मला टाचणी म्हणत. बाई, तुम्हाला मी आठवणार नाही. त्या वर्षी माझ्या हातून एक पाप झालं होतं. धुवायला आलेला एक पांढरा फ्रॉक आईने मला एका रविवारी मावशीच्या लग्नाला घालायला दिला. सतरा नंबरचा — कॉलरच्या आत लाल दोऱ्याने नंबर शिवलेला असायचा ना. सोमवारी तो धुऊन, इस्त्री होऊन परत गेला. कुणाला कळलंही नाही, पण मला झोप येईना. पापनिवेदनाच्या वेळी मी ते सांगून टाकलं. पडद्यामागून आवाज तुमचा आला. मला वाटलं, लहान मुलींचं बाईच ऐकत असतील. तो नुसता सराव होता हे मला फार मोठेपणी कळलं. आदल्या दिवशी मी तापाने घरी होते, मला कुणी सांगितलंच नव्हतं. तुम्ही म्हणालात, जा, हे आता कुणालाही कळणार नाही. त्या दिवशी मी जिन्यावरून उड्या मारत खाली गेले. पुढच्या सगळ्या आयुष्यात मला तितकं हलकं कधी वाटलं नाही.

'चार दिवसांत आईचं काम गेलं. धोबीखान्यात आईबरोबर इस्त्रीला एक मावशी होत्या, त्यांनीच चुगली केली असं आई मरेपर्यंत धरून बसली. तो भाग छापू नका. छापायचं ते एवढंच, की त्या शाळेत एका माणसाने माझं ऐकून घेतलं आणि पोटात ठेवलं. एक विनंती आहे. कर्मचाऱ्यांची यादी छापणार असाल तर तीत आईचं नाव यावं. एकवीस वर्षं तिने त्या शाळेचे कपडे धुतले. मी गुरुवारी चार वाजता शाळेत येते.'

पोटात ठेवलं. बाईंनी पत्राची घडी घातली. आज गुरुवार. फोटोतल्या एकतीस पांढऱ्या फ्रॉकांतला एक सतरा नंबरचा होता, आणि तो कोणता हे आता कुणीच सांगू शकलं नसतं.

तुम्हाला मी आठवणार नाही, म्हणे. अगं, मला माझ्या आईचा चेहरा धड आठवत नाही, पण तू आठवतेस.

सराव ही शाळेची जुनी पद्धत. कम्युनियनच्या आधी पहिलं पापनिवेदन करणाऱ्या मुली खऱ्या फादरांसमोर गोंधळू नयेत म्हणून आठवडाभर आधी संगीताच्या खोलीत एक टॉवेलचा स्टँड उभा करायचा, त्यावर चादर टाकायची, मागे खुर्चीत एक सिस्टर फादर होऊन बसायच्या, आणि मुलींनी एकेक करून गुडघे टेकायचे. पापं फळ्यावर लिहिलेली असत. पाच. आईला उलट बोलले. प्रार्थनेत हसले. मैत्रिणीचा खडू घेतला. भावाला चिमटा काढला. खोटं बोलले. यांतलं कुठलंही एक उचलायचं आणि सांगायचं, आपली खरी पापं फादरांसाठी राखून ठेवायची — असं आदल्या दिवशी बजावलेलं असे. त्या वर्षी त्या सिस्टरांचा पाय मोडला होता, म्हणून मोठ्या मदरांनी मला बसवलं. तेवीस वर्षांची, हंगामी, आठ महिने झालेली. दहा वाजल्यापासून अकरा भावांना चिमटे काढून झाले होते, सात खडू गेले होते, मला चादरीमागे जांभया येत होत्या, आणि मग एक मुलगी आली आणि फळ्यावर नसलेलं पाप सांगायला लागली.

मला कळलं होतं. हे बाईंनी या तीन दिवसांत स्वतःशी कबूल केलं होतं — त्याआधी पन्नास वर्षं नाही. ही पोरगी खरं बोलते आहे हे मला तिच्या पहिल्या श्वासाला कळलं होतं. चादर बाजूला करून 'अगं वेडे, थांब, हा सराव आहे' एवढं म्हणायला कितीसा वेळ लागला असता? पण कुणी तरी मला काही तरी खरं सांगत होतं, आठ महिन्यांत पहिल्यांदा, आणि मला ते ऐकायचं होतं. आवाज जाड केला मी. तीन नमो मरिया म्हण, असं प्रायश्चित्तही सांगितलं. वर ते वाक्य — हे आता कुणालाही कळणार नाही — ते कुठल्याच पुस्तकात नाही, कुठल्याच फादरांनी मला कधी म्हटलेलं नाही. माझ्या पदरचं होतं ते, आणि मला ते आवडलं होतं.

दुपारच्या सुट्टीची घंटा झाली. आता पितळी नाही, भिंतीतून किरकिरते. बाईंनी डबा उघडला, दोन घास खाल्ले, झाकण लावलं आणि उगाचच जिना उतरून मागच्या बाजूला गेल्या. धोबीखाना होता तिथे आता संगणकाची खोली आहे. दगडी हौद काढून फरशी घातली, पण पाणी जायचं भोक मात्र बुजवायचं राहिलंय, त्यावर कुणी तरी कचऱ्याची बादली ठेवलेली. मुली पडद्यांसमोर बसल्या होत्या. दारात म्हाताऱ्या बाई बघून एक उठून उभी राहिली, तिचं बघून सगळ्या उठल्या. "बसा बसा," बाई म्हणाल्या. इथे दोघी वाकलेल्या असायच्या — एक हौदाशी आणि एक टेबलाशी, मधून मधून हसायच्या, कशाला ते कधी कळलं नाही, आणि आम्ही शिक्षिका वरून जाताना नाकाला रुमाल लावायचो, साबणाच्या वाफेमुळे की कशामुळे कोण जाणे. एकवीस वर्षं. शंभर वर्षांच्या इतिहासाच्या बारा पानांत धोबीखाना हा शब्द नव्हता. लिहिणारी कोण? मीच.

परत वर आल्या तर सिस्टर टेबलाशी उभ्या, हातात एक लांबट जाड वही. शिस्तीची नोंदवही, मोठ्या मदरांच्या वेळची.

"यादी पक्की करायची म्हणून काढली," सिस्टर म्हणाल्या. "पत्रातल्या त्या आईचं नाव. बाई, पंचाईत आहे बघा."

मोठ्या मदरांचं अक्षर, उजवीकडे झुकलेलं, शाई तपकिरी पडलेली. 'धोबीखान्यातील कामगार स्त्रीस आजपासून कमी केले. बोर्डिंगचे कपडे बाहेर नेणे. एका शिक्षिकेकडून कळले.'

बाईंनी ते दोनदा वाचलं. शाळेच्या शंभर वर्षांत, सगळ्या वह्या, अहवाल, रिपोर्ट धरून, आपण कुठे असू तर इथे, असं त्यांच्या मनात आलं. एका शिक्षिकेकडून. पस्तीस वर्षांच्या नोकरीचा ऐवज.

"म्हणजे चोरी म्हणून काढलं ना हो," सिस्टर म्हणाल्या. "आता यादीत नाव कसं घालणार? उद्या विश्वस्तांपैकी कुणी वही बघितली तर?"

"चोरी नव्हती ती."

"तुम्हाला काय माहीत?"

पंखा फिरत होता. त्याचं एक पातं घासत होतं.

"पत्रात लिहिलंय की," बाई म्हणाल्या.

"ते झालं मुलीचं म्हणणं. मुलगी आईची बाजू घेणारच." सिस्टरांनी वहीवर बोट ठेवलं. "तुम्ही तर पोटात ठेवलंत, पण ही शिक्षिका कोण ते कळलं असतं तर बरं झालं असतं. तिला विचारलं असतं, काय नेमकं झालं, आणि तिने सांगितलं असतं ना की एवढं काही नव्हतं, तर मी घातलं असतं नाव, बेलाशक. तुम्ही होतात ना त्या वर्षी? आठवतं का कोण असेल? हयात असेल का?"

किती सोपं करून ठेवलं होतं सिस्टरांनी. मागच्या बाकावरच्या मुलीलाही देता येईल असं उत्तर. एक अक्षर, मी. आणि सिस्टर काय करणार होत्या — म्हणाल्या असत्या, बरं बाई, जाऊ द्या, आणि नाव यादीत गेलं असतं. त्र्याहत्तर वर्षांच्या बाईला कोण फासावर देणार आहे?

"नसावी हयात," बाई म्हणाल्या. "किती वर्षं झाली."

सिस्टर वही तिथेच ठेवून गेल्या. झाकली मूठ सव्वा लाखाची. बाईंनी कच्चा कागद ओढला आणि लिहिलं, 'हे मी सांगितले.' मग शिक्षिकेच्या सवयीने कर्ता, कर्म, क्रियापद तपासलं. हे म्हणजे काय? कुणाला सांगितले? का? तीन प्रश्न समासात काढावेत असं वाक्य. त्यांनी त्यावर रेघ मारली.

का, हे ठरायला फार वर्षं लागली होती, आणि दर काही वर्षांनी ते बदललंही होतं. आधी बरीच वर्षं मी असं धरून चालले होते, की माझं कर्तव्य म्हणून मी कळवलं. संस्थेचे कपडे बाहेर जातात, जबाबदार माणसाने कळवायला नको? तिशीत ते पटायचं. मग चाळिशीत कधी तरी आठवलं की कळवलं वगैरे काही नव्हतं, मी ते स्टाफरूममध्ये गंमत म्हणून सांगितलं होतं. कायम झालेल्या शिक्षिका खिडकीकडे बसायच्या, हंगामी दाराशी, नकाशांच्या स्टँडजवळ. आठ महिने मला कुणी धड हाक मारली नव्हती. आणि माझ्याकडे एक गोष्ट होती — ऐका तर, आज काय झालं, एक पोरगी खरंच पाप सांगायला लागली! उचलली जीभ लावली टाळ्याला. फ्रॉक, सतरा नंबर, मावशीचं लग्न, सगळं. मी तिच्या आवाजाची नक्कलसुद्धा केली. भूगोलाच्या बाईंना हसता हसता चहाचा ठसका लागला. कुणी तरी खुर्ची सरकवली, इकडे बसा ना, खिडकीजवळ. आणि दारात मोठ्या मदर उभ्या होत्या, त्याही हसल्या. मग काय, भिंतीलाही कान असतात, माझा तो काय दोष — इथवर येऊन मी थांबायचे. हे ऐकायला बरं होतं. गंमत करणाऱ्या पोरीवर माणूस फार रागावू शकत नाही, स्वतःवरसुद्धा.

पण गमतीत नाव नव्हतं घेतलं. नुसतं एक पोरगी म्हटलं होतं. धोबीखान्याचं नावही काढलं नव्हतं, फ्रॉक आईने आणून दिला एवढंच. हसून झाल्यावर मदर गेल्या. मी पाण्याच्या माठाकडे निघाले आणि व्हरांड्यात मदर भिंतीवरची तसबीर सरळ करत होत्या. पाठ माझ्याकडेच होती.

"कोणाची हो ती मुलगी?" मदरांनी विचारलं.

तसबीर आधीच सरळ होती. मला ते दिसलं. म्हणजे मला कळलं की त्या माझ्यासाठी थांबल्यात, आणि का थांबल्यात तेही कळलं. चादरीमागून आवाज येतो, मदर, चेहरा कुठे दिसतो, असं म्हणता आलं असतं, आणि ते खोटंही ठरलं नसतं. मी नाव सांगितलं. नाव, आडनाव, आई कुठे काम करते ते. मदर म्हणाल्या, "तुम्ही लक्ष ठेवून असता. छान." आणि मला बरं वाटलं. बरं म्हणजे काय... आनंद झाला. पायऱ्या उतरताना मी गुणगुणत होते.

जूनमध्ये मला कायम केलं. दोन गोष्टींचा काही संबंध नसेलही. तेव्हा जागा दोन होत्या आणि आम्ही हंगामी दोघीच.

शनिवारी ती आई शाळेतून निघून गेली, हेही मी बघितलं. वर्ग चालू होता, दुसऱ्या मजल्यावरून दिसलं. हातात एक पिशवी, आणि मागून इस्त्रीवाली मावशी धावत आली, काही तरी म्हणाली, हात धरायला गेली, तर आईने हात असा झटकला की पिशवी पडली. मी फळ्याकडे वळून सन लिहायला घेतला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते माझ्या डोळ्यांदेखत होत होतं, आणि चोराच्या हातात खडू.

साडेतीन झाले. पावणेचार. आज पोट बिघडलं असं सांगून घरी जाता येईल, असा एक विचार बाईंच्या डोक्यात अगदी व्यवस्थित, हजेरीपटासारखा उघडून बसला. त्यांनी तो मिटला नाही. पर्स उचलली, पुन्हा ठेवली. पत्र बाहेर काढून पहिल्या पानासाठीच्या मजकुरात घातलं. मग त्यांना कळलं की त्यांनी ते घातलंय. कुणी जबरदस्ती केली नव्हती. ते छापून यायला हवं होतं — मला, माझ्या नावासकट, पहिल्या पानावर. पस्तीस वर्षं शिकवलं, दीड-दोन हजार मुली हाताखालून गेल्या, आणि बावन्न पत्रांत मी एकाच पत्रात होते.

दार वाजलं.

अंगाने भरलेली, केस पूर्ण पांढरे, पायांत सपाट काळे बूट. तिने आत येऊन दोन्ही हातांनी बाईंचा हात धरला, आणि एक बोट आपोआप नाडीवर गेलं.

"ओळखलंत?"

"टाचणी," बाई म्हणाल्या.

"आता कसली टाचणी हो, चांगला खुंटा झालाय," ती हसली. "सदतीस वर्षं दवाखान्यात काढली. मेट्रन होऊन निवृत्त झाले. तुम्ही मात्र आहात तशाच. जरा वाळलात. जेवता की नाही वेळेवर?"

ती बसली आणि खोलीभर बघत राहिली. नोंदवही टेबलावर उघडीच होती, उलटी होती तिच्याकडून, बाईंनी तिच्यावर फोटो ठेवला. टाचणीने फोटो उचलला, लांब धरला, ओळखीचे चेहरे शोधले, आणि आपण त्यात नाही याबद्दल एक शब्द न बोलता खाली ठेवला.

"आईच्या नावाचं काय झालं?"

"बघतायत सिस्टर."

"घाई नाही. आता ती काही वाचणार नाही." तिने घड्याळ बघितलं. "मी फार बसत नाही बाई. इथूनच पुढे जायचंय, साडेपाचला भेटीची वेळ संपते. त्या इस्त्रीवाल्या मावशी, लिहिलं होतं ना मी? आहेत अजून. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या, सिस्टरांच्या वृद्धाश्रमात."

मावशी मेलेली असणार हे बाईंनी कधीच धरून टाकलं होतं. न विचारता.

"आई जाताना म्हणाली, तिला सांग, मी मनातून काढून टाकलं. तीन वर्षं झाली, पण माझी पावलंच उचलेनात. राग माझाही होता ना. मग तुमचं स्मरणिकेचं पत्रक मिळालं, लिहायला बसले, आणि तुमची आठवण लिहिता लिहिता वाटलं, की एवढं चांगलं माणूस भेटलं होतं आपल्याला, मग आपण काय ते एका चुगलीला धरून बसलोय! आज जाऊन सांगणार आहे. मावशी, झालं गेलं, आम्ही तुम्हाला माफ केलं."

"तिने केलंच नसेल तर?"

प्रश्न बाईंच्या तोंडून निघून गेला होता. टाचणीने त्यांच्याकडे बघितलं, शांतपणे, औषध नको म्हणणाऱ्या माणसाकडे बघावं तसं.

"मग कोणी केलं? धोबीखान्यात त्या दोघीच. आणि खरं सांगू बाई, आईने तोंडावर विचारलं तेव्हा मावशीने नाहीसुद्धा म्हटलं नाही. नुसती रडत राहिली."

जिला सख्ख्या मैत्रिणीने असा प्रश्न विचारला ती रडणार नाही तर काय साक्षी-पुरावे देणार? हे बाईंना समोरच्या भिंतीसारखं स्पष्ट दिसत होतं. आणि तासाभरात ही जाईल, त्या म्हातारीच्या पलंगाशी बसेल, हात हातात घेईल आणि म्हणेल, माफ केलं. म्हातारी काय करेल? अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी कोण भांडतं! ती मान हलवेल. बरं बाळ, म्हणेल. न केलेल्याची माफी घेऊन मरेल.

"मी येते," बाई म्हणाल्या.

"तुम्ही? खरंच?" टाचणीचा चेहरा उजळला. "मावशींना किती बरं वाटेल! शाळेच्या बाई स्वतः आल्या म्हणतील."

व्हरांडा, मग जिना. टाचणीने कोपर धरलं होतं, सवयीच्या हाताने, घट्टही नाही आणि सैलही नाही. आणि ती बोलत होती, माणसाने मनात काही ठेवू नये हो, मी वॉर्डात सगळ्यांना हेच सांगायची, सोडून द्यायचं, आपल्यालाच बरं वाटतं. सांगायचं तर आता, फाटकापर्यंत. सकाळपासून ज्याला घाबरून बसले होते — की हिचा चेहरा उतरेल, ही हात सोडेल, आईच्या एकवीस वर्षांचा जाब विचारेल, इथेच मुलींच्या देखत ओरडेल — ते मी पुन्हा एकदा डोळ्यांसमोर आणायला गेले, तर ते येईना. त्या हातावरून मला कळलं. ही ओरडणार नाही. ही थांबेल, पायरीवर बसेल, थोडं रडेल, आणि मग हाच हात पुन्हा कोपराला लावून म्हणेल, जाऊ द्या बाई, तुम्ही तरी किती लहान होतात तेव्हा. मावशीसाठी घेऊन निघालेली माफी तिच्याजवळ तयारच होती, ती माझ्याकडे वळवायला तिला दोन मिनिटंसुद्धा लागली नसती. आणि मग मी काय करायचं? आई गेली, मावशीचं आयुष्य गेलं, आणि मी वृद्धाश्रमाच्या पायऱ्या चढणार, माफ झालेली, हिच्या हाताला धरून... नाही. शिव्या दे मला. थुंक. निदान एवढं तरी माझ्या वाट्याचं मला दे.

बाई शेवटच्या पायरीवर थांबल्या.

"दमलात?" टाचणीने विचारलं.

"नाही. ऐक. तुला एक सांगायचंय, पण मी सांगितल्यावर तू लगेच काही बोलू नकोस. आज बोलूच नकोस."

"बरं, नाही बोलत," ती म्हणाली आणि हसली. इतकी समजूतदार हसली की जणू तिने मला कधीच सगळं सोडून दिलं होतं, आणि मला तिचा असा संताप आला की पुढचं वाक्य जिभेवर येऊन तिथेच राहिलं.